पेठेतली खोली, वाघोलीतला फ्लॅट

पारनेर तालुक्यातून पुण्याला जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच रस्ता येतो: सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली, खराडी आणि मग शहर. या रस्त्याने गेलेली माणसं बहुधा त्याच्या कडेलाच थांबतात. कोणी रांजणगावच्या कारखान्यात लागतो, कोणी शिक्रापुरात दुकान टाकतो, कोणी वाघोलीत फ्लॅट घेतो. मागून येणारा माणूस आधी गेलेल्याच्या शेजारी उतरतो. त्यामुळे घरातली मुलगी किंवा मुलगा पुण्यात नोकरीला लागला की नातेवाइकांकडून पहिला सल्ला वाघोलीचाच येतो. हा सल्ला मायेने दिलेला असतो, आणि ज्याचं काम शहराच्या मध्यावर आहे त्याच्यासाठी तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, असं माझं मत आहे. वाद नीट मांडता यावा म्हणून दोन माणसं समोरासमोर बसवतो. मामा रांजणगावला नोकरी करतात आणि वाघोलीत स्वतःच्या घरात राहतात. भाचीला लक्ष्मी रोडवरच्या एका बँकेत नोकरी लागली आहे, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा धाकटा भाऊ तिच्यासोबत राहणार आहे. ही दोघं कोणा एका घरातली नाहीत. पण त्यांच्या तोंडची वाक्यं तालुक्यातल्या पुष्कळ घरांत बोलली जातात.

मामा म्हणतात, “अगं, पेठेत तुला मिळणार काय? जुन्या वाड्यातली दहा बाय बाराची खोली, अंधारा जिना, सामाईक संडास. तेवढ्या पैशात वाघोलीत दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, लिफ्ट आणि खाली गाडी लावायला जागा. आपण मळ्यातली माणसं. वस्तीवर वाढलेल्याला उजेड लागतो, वारा लागतो. तुझे आई-दादा चार दिवस आले तर झोपतील कुठं? शिवाय एसटीतून उतरलीस की पाच मिनिटांत घर. वाकडेवाडीच्या स्टँडपर्यंत जायची गरज नाही. आणि आम्ही शेजारी आहोतच की. रात्री-अपरात्री काही लागलं तर धावून येऊ.”

भाची उत्तर देते, “मामा, वाघोलीहून माझी बँक पंधरा-सोळा किलोमीटर. नगर रस्त्याची सकाळ तुम्हाला माहीत आहे. जायला तास धरा, यायला तास धरा. महिन्यात कामाचे चोवीस दिवस धरले तर अठ्ठेचाळीस तास झाले. आठ तासांची एक पाळी म्हटली तर महिन्याला सहा पाळ्या मी रस्त्यावर भरणार, आणि त्याचा पगार कोणी देणार नाही. उलट पेट्रोल माझंच. वाघोलीतली दुसरी खोली मला या सहा पाळ्यांच्या बदल्यात मिळणार आहे. ती खोली मी वापरणार कधी?”

हा गुणाकार साधा आहे, पण घर बघायला निघालेलं कुटुंब तो क्वचितच करतं. भाडं दर महिन्याला हातातून मोजून जातं म्हणून दिसतं. वेळ कोणी दारात येऊन मागत नाही, म्हणून तो खर्चात धरलाच जात नाही. लांब राहणाऱ्याला त्याची भरपाई स्वस्त घराने किंवा मोठ्या घराने मिळते, असं अर्थशास्त्राचं पुस्तकी गृहीतक आहे. अलोईस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवर ते तपासलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष असा निघाला की कामाला जाण्यायेण्याचा वेळ वाढतो तसं माणसाचं आयुष्याबद्दलचं समाधान घटतं, आणि घर किंवा पगार ती तूट भरून काढत नाही. जर्मनी वेगळी आणि नगर रस्ता वेगळा, हा आक्षेप घेता येईल. पण फरक कोणाच्या बाजूने जातो ते पाहा. चांगल्या रस्त्यांच्या आणि दाट रेल्वेजाळ्याच्या देशातही भरपाई होत नसेल, तर खराडीच्या चौकात दुचाकीवर धूर खात उभ्या असलेल्या माणसाची होईल असं मानायला काहीच आधार नाही.

“पण मेट्रो येतेय ना,” मामा म्हणतात. येते आहे, हे खरं. ६ मार्च २०२४ला मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि जून २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती पुढे वाघोलीत विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला मंजुरी दिली. मात्र मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यात किती वर्षं जातात, हे पुणेकरांनी पाहिलेलं आहे. नगर रस्त्याने बीआरटीचा मार्गही आधी पाहिला आणि नंतर तो उखडलेलाही पाहिला. आज घर घ्यायचं आणि वाहतूक उद्या येईल या भरवशावर रोजचे दोन तास घालवायचे, हा व्यवहार भाचीच्या वयात परवडणारा नाही. मेट्रोची दुसरी बाजू मामांच्या लक्षात आलेली नाही. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानकं थेट जुन्या शहराच्या पोटात आली. म्हणजे पेठेत राहणाऱ्याला आता पिंपरीपासून स्वारगेटपर्यंत आणि वनाजपासून रामवाडीपर्यंत कुठलीही दिशा खुली आहे. मध्यावर राहणाऱ्याची नोकरी बदलली तरी घर बदलावं लागत नाही. वाघोलीकराची नोकरी खराडीतून हिंजवडीला गेली तर त्याला अख्खं शहर ओलांडावं लागतं. पहिल्या नोकरीत कोणी जन्म काढत नाही, म्हणून हा मुद्दा मला वेळेच्या हिशोबाइतकाच मोलाचा वाटतो.

इथे भाची तिचं खरं मोजमाप पुढे ठेवते. “मामा, तुम्ही चौरस फूट मोजता. मी घरातून पायी किती कामं उरकता येतात ते मोजते. नारायण पेठेत खोली घेतली तर बँक पायी. भाजीला मंडई पायी. भावाची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, पायी. पुणे नगर वाचन मंदिर आणि पुणे मराठी ग्रंथालय पायी. आईला तपासायला आणलं तर रास्ता पेठेतलं केईएम रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत. रविवारी नाटक बघावंसं वाटलं तर भरत नाट्य मंदिर आणि टिळक स्मारक मंदिर दोन्ही पायी. यातल्या एकाही कामासाठी मला गाडी घ्यावी लागत नाही. गाडीच नसेल तर तुम्ही म्हणता ती पार्किंगची जागा मला कशाला हवी?”

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते हेच. राहायची जागा तिच्या भिंतींच्या आत जितकी आहे, तितकीच तिच्या उंबऱ्याबाहेर पायी पोहोचता येईल अशा अंतरात आहे. पेठा मुळात याच हिशोबाने वसल्या. तळाशी दुकान किंवा कारखाना, वर राहणं, मागे चौक आणि विहीर. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी शहरात आणलं गेलं, तेव्हा ते हौदांत सोडलं, आणि ते हौद माणसाला घागर घेऊन चालत जाता येईल अशा ठिकाणी ठेवले. १८८६मध्ये मंडई बांधली तीही अशीच, भोवतीच्या पेठांतून पिशवी घेऊन चालत येता येईल अशी. मोटार नसलेल्या माणसासाठी बांधलेलं शहर मोटार नसलेल्या माणसाच्याच सोयीचं असणार, यात नवल नाही. आणि पारनेरहून नुकती आलेली, पहिल्या पगारावर दोन माणसांचं भागवणारी मुलगी ही अशीच, मोटार नसलेली, माणूस आहे. उलट नवी उपनगरं गाडी गृहीत धरून बांधलेली आहेत. तिथे दूध आणायलाही हमरस्ता ओलांडावा लागतो.

मामांचा मोकळ्या हवेचा मुद्दा मात्र नुसता खोडून काढण्यासारखा नाही. नगर जिल्ह्यात गावठाणापेक्षा वस्तीवर राहणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. शेतात घर, शेजारी हाकेच्या अंतरावर आणि मधे उघडं रान, याची सवय झालेल्या माणसाला बोळातल्या खोलीत गुदमरायला होतं. पण वाघोलीत तरी ते रान कुठे आहे? सातव्या मजल्याच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते. पाण्याचंही तेच. जून २०२१मध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यांत वाघोली होती, पण हद्द वाढली त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. तिथल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समधून वसूल होतो. टँकर म्हणजे काय ते पारनेरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पर्जन्यछायेतला हा तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत मोठा झाला आहे. तिथून सुटून पुण्याला यायचं आणि पुन्हा टँकरच्या रांगेत उभं राहायचं, तेही हप्ता भरून, याला प्रगती म्हणणं मला जड जातं.

“हप्ता भरून, पण स्वतःचं,” मामा अडवतात. “भाड्याचा पैसा पाण्यात जातो. तीस लाखांचं कर्ज काढ, वीस वर्षांत घर तुझं.” आपल्याकडे ‘स्वतःचं घर’ या शब्दांपुढे हिशोब थांबतो, म्हणून तो इथे मांडतो. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर तीस लाखांचा हप्ता जवळपास सत्तावीस हजार रुपये बसतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले साडेबावीस हजार व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटतं फक्त साडेचार हजारांचं. वीस वर्षांत बँकेला पासष्ट लाखांच्या आसपास परत जातात. भाडं पाण्यात जात असेल तर हे व्याजही त्याच पाण्यात जातं. घराची किंमत वाढेल, हे मामांचं म्हणणं बरोबर असू शकतं, आणि चाळिशीतल्या, नोकरीचं ठिकाण पक्कं झालेल्या माणसाने घर घेऊ नये असं मी म्हणणार नाही. मामांचं स्वतःचं घर त्यांच्यासाठी योग्यच आहे. रांजणगावला जाणाऱ्या माणसाने सदाशिव पेठेत राहणं हा उलटा वेडेपणा ठरला असता. पण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी वीस वर्षांचा हप्ता गळ्यात घेतलेली मुलगी दुसऱ्या गावची चांगली नोकरी सोडते, शिक्षण सोडते, लग्नाच्या बोलण्यातही घराच्या पत्त्याने बांधली जाते. भाड्याच्या खोलीतून एक महिन्याच्या नोटिशीवर निघता येतं. त्या वयात ही सुटका मोलाची असते.

मग मामा भावाचा विषय काढतात. “त्याला पेठ कशाला? क्लास मोबाईलवर, पुस्तकं मोबाईलवर. वाघोलीत शांत बसून अभ्यास करेल.” हा आक्षेप जोरदार आहे. पण सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या भागात महाराष्ट्रभरातून आलेली मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, बाहेर मेस आणि दिवसभर अभ्यासिका. मोबाईलवर सगळं मिळत असतं तर ती इथे आली नसती. क्लास त्यांना फोनवर मिळतो. त्यांना मिळत नाही ती बरोबरीने अभ्यास करणारी माणसं, काल झालेल्या पेपरची चहाच्या टपरीवरची चिरफाड, मागच्या वर्षी निवड झालेल्याशी गाठ. ऑगस्ट २०२४मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा हीच मुलं शास्त्री रस्त्यावर बसली आणि राज्यसेवेची परीक्षा पुढे ढकलली गेली. सातव्या मजल्यावर एकट्याने अभ्यास करणाऱ्यांच्या हातून ते झालं नसतं. तरीही या वस्तीचं कौतुक करताना तिची किंमत लपवता कामा नये. पुष्कळ मुलांची उमेदीची वर्षं तिथे निघून जातात, कोंडवाड्यासारख्या खोल्यांना भाडं भरपूर पडतं, आणि अभ्यासिका कुठेही थाटल्या जातात. जुलै २०२४मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थी गेले. म्हणून मी म्हणेन, भावाने बहिणीबरोबर राहावं, कॉटवर नाही. तळघरातल्या अभ्यासिकेत बसू नये. आणि किती प्रयत्न द्यायचे ते घरच्यांशी बोलून आधीच ठरवावं.

सुरक्षिततेवर दोघांचं एकमत होणं अवघड आहे. मामा म्हणतात, गर्दीत चोर, गर्दीत टवाळ. जून २०२३मध्ये सदाशिव पेठेत दिवसाढवळ्या एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, ते त्यांच्या चांगलं लक्षात आहे. भाचीलाही ते आठवतं, आणि पुढचंही आठवतं: ती मुलगी वाचली, कारण रस्त्यावर माणसं होती आणि त्यांतले काही तरुण, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, मधे पडले. बाकीचे नुसते बघत उभे राहिले, हेही तितकंच खरं. पण मधे पडायला कोणीतरी तिथे असावं लागतं. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली मोठ्या शहरांवरच्या तिच्या पुस्तकात हेच सांगितलं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्यावर सतत असलेले डोळे: दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी, ये-जा करणारी माणसं. रात्री साडेनऊला बँकेचं वर्षअखेरीचं काम आटोपून लक्ष्मी रोडवरून दुकानांच्या उजेडात दहा मिनिटं चालणं आणि त्याच वेळी नगर रस्त्यावर उतरून अंधाऱ्या सर्व्हिस रोडने सोसायटीच्या फाटकापर्यंत जाणं, यांत मला पहिलं अधिक सुरक्षित वाटतं. फाटकावर पहारेकरी असतो, पण फाटकाच्या अलीकडे कोणीच नसतं.

मामांचा सर्वांत धारदार आक्षेप यानंतर येतो. “पेठेत तुला खोली देतील? आडनाव विचारतील, गाव विचारतील, मांसाहार करता का विचारतील, एकटी मुलगी म्हटली की दार लावतील.” हे खोटं नाही. घर शोधणाऱ्याला जातीवरून, धर्मावरून, ताटावरून तोलणं या शहरात चालतं आणि सदाशिव-नारायण पेठांच्या काही वाड्यांत ते जुनं आहे. सोयीचं पारडं कितीही जड झालं तरी या अपमानाचं वजन त्यातून वजा होत नाही. पण मामा ‘पेठ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दोन पेठा असतात, आणि शहराचा मध्य तेवढाच नाही. कसबा, सोमवार, मंगळवार, रास्ता, नाना, भवानी, गुरुवार, गंज: इथे कारागीर, व्यापारी, मुस्लिम, ख्रिस्ती, दलित, माळी, मारवाडी अशी सगळी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. १८४८ साली मुलींची शाळा निघाली ती बुधवार पेठेत भिडे वाड्यात. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी ज्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला ते घर गंज पेठेत. सनातन्यांचं पुणं आणि फुल्यांचं पुणं या दोन शहरांमधलं अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचं आहे. शिवाय भेदभाव नव्या इमारतींत संपला असंही नाही. तिथे तो सोसायटीच्या ठरावाच्या भाषेत बोलतो. तेव्हा मामांच्या आक्षेपाचं उत्तर वाघोली हे नाही. एका दारावर नकार आला तर शेजारची पेठ बघायची आणि नकार देणाऱ्याला त्याबद्दल स्पष्ट बोलायचं.

वाड्यांची अवस्था हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला हक्क सोडवेना, आणि वाडे दोघांच्या मधे खचत गेले. १९९९चा नवा कायदा २००० साली लागू झाला, पण जुन्या भाडेकरूंचा गुंता बराचसा तसाच राहिला. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशा वाड्यात खोली फुकट मिळाली तरी घेऊ नये. भाचीने पाहायला हव्यात त्या दहा-वीस-तीस वर्षांपूर्वी वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती, आणि आगीचा बंब ज्या बोळाच्या तोंडापर्यंत पोहोचतो त्या. आवाजाचंही सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ती मर्यादा कुठल्या कुठे राहते आणि मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. लहान बाळ किंवा हृदयरोगी घरात असेल तर ते दिवस तिथे काढू नयेत. नियम पाळून घेणं हे पोलिसांचं आणि मंडळांचं काम आहे, आणि ते होत नाही याचा राग मध्यवस्तीत राहणाऱ्याने धरलाच पाहिजे.

मध्यवस्ती संपली, आता लोक बाहेरच जाणार, असं पुण्यात अनेकदा म्हटलं गेलं. १८९७च्या प्लेगने माणसं पेठांतून पळाली, आणि पुढच्या दशकांत नदीपलीकडे डेक्कन जिमखान्याची नवी वस्ती उभी राहिली. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या शनिवार, नारायण आणि कसबा पेठांतले वाडे कोसळले, आणि पूरग्रस्तांच्या वसाहती शहराच्या कडांना गेल्या. तरी पेठा रिकाम्या पडल्या नाहीत. जे गेले त्यांच्या जागी दुसरे आले, कारण जवळीक तिथेच राहिली होती.

मुंबईने याचा आणखी कठोर पुरावा दिला आहे. पारनेरात १२ नोव्हेंबर १८८० रोजी जन्मलेल्या सेनापती बापटांचं नाव पुण्यात एका मोठ्या रस्त्याला आहे, तसंच मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांशेजारून जाणाऱ्या रस्त्यालाही आहे. त्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जमिनींवर मॉल आणि कचेऱ्या आल्या, आणि कामगारांना घरं देऊ केली ती शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांची मुलं आझाद मैदानात जमली ती मुंबईतच घर द्या ही मागणी घेऊन. शेजारी वरळीच्या बीडीडी चाळींत माणसं शंभर वर्षं १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिली, पण जागा सोडून गेली नाहीत. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळालं. “ते जागेच्या भावासाठी अडून बसले,” असं मामा म्हणतील. पण जागेला भाव कशाने आला? नोकरी, रुग्णालय, शाळा आणि स्टेशन हाताशी होतं म्हणूनच ना? कामगाराला त्या जवळिकीचं मोल बाजाराच्या आधी कळलं होतं.

यातूनच माझी खरी काळजी निघते. पेठांतल्या नव्या इमारती आता तळमजल्यापासून वरपर्यंत दुकानं, क्लास, दवाखाने आणि कचेऱ्यांनी भरत चालल्या आहेत. राहायच्या खोल्या गोदामं होतात. रात्री दिवा नसलेले मजले वाढले तर भाची ज्या उजेडावर भिस्त ठेवते तो उरणार नाही. पारनेरसारख्या तालुक्यांतून येणाऱ्या, भांडवल नसलेल्या माणसाला शहरात पाय रोवायला मध्यावरची भाड्याची खोली लागते, आणि तीच कमी होते आहे. महापालिकेने पुनर्विकासाला परवानगी देताना राहत्या आणि भाड्याच्या घरांचा वाटा राखायला हवा. नोकरदार स्त्रियांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं पेठांतच हवीत, शहराच्या टोकाला नकोत.

मामांना हे सगळं पटलेलं नाही. रविवारी मात्र भाचीने वाघोलीला यावं, जेवावं, आणि महिन्यातून एकदा गावी जाताना तिथूनच एसटी धरावी, एवढं त्यांनी मान्य करून घेतलं. २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गावाकडच्या फेऱ्या परवडतीलच. भाचीने वाघोलीचं नाव कायमचं खोडलेलं नाही. विठ्ठलवाडीपर्यंत मेट्रो धावू लागली आणि तिची बदली खराडीला झाली, तर हिशोब पुन्हा मांडायला ती तयार आहे. सध्या नारायण आणि रास्ता पेठेतल्या दोन जागा तिने हेरल्या आहेत. मामांनी शेवटी एक अट घातली आणि ती तिने लगेच मानली. “अकरा महिन्यांचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. १९९९च्या कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. तो टाळाटाळ करायला लागला की समजायचं, पुढे डिपॉझिटलाही करणार. करारावर नाव तुझं, आणि भाऊ सोबत राहणार हेही त्यात लिहून घे. त्याआधी एक रुपया हातावर ठेवायचा नाही.”